जन्मस्थळाच्या रकान्यात शेताचं नाव

टेगवेन बेबनं एकतीस वर्षं वेल्समधल्या आमच्या कापेल-गोर्स गावात टपाल वाटलं. डोंगरातली शेतं एकमेकांपासून मैल-मैल लांब, आणि प्रत्येक फाटकाची कडी वेगळी. कुठल्या कडीला लाथ घालावी लागते, कुठल्या अंगणातला कुत्रा मागून येऊन चावतो, कुठल्या म्हातारीला पत्र वाचून दाखवावं लागतं, हे तिला पाठ होतं. निवृत्त झाल्यावर ती मेलेल्यांचे पत्ते शोधायला लागली. आम्ही म्हणायचो, "टेगवेननं नोकरी सोडलेली नाही, फक्त टपालाचं बीट बदललंय."

निमित्त झालं ओहायोहून आलेल्या एका बाईचं. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर एका शेताचं नाव होतं, तेही चुकीचं लिहिलेलं. दुकानात कोणालाच उलगडेना. टेगवेननं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली नि म्हणाली, "हे घर पडलं. आता तिथं पाइनचं जंगल आहे. बूट आहेत का दुसरे? चला." झाडांमधून वाकत जाऊन तिनं त्या बाईला चुलीचा दगड दाखवला. बाई त्या दगडावर बसून तासभर रडली. तेव्हापासून टेगवेनला हा नाद लागला.

दर गुरुवारी अॅबरिस्टविथला टेकडीवरच्या ग्रंथालयात जायचं, जुन्या जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या चाळायच्या, आणि परदेशातल्या कोणाला तरी त्याचा खापरपणजा शोधून द्यायचा. आमच्याकडे आडनावाचा फारसा उपयोग नाही. एका खोऱ्यात एकाच नावाची वीस माणसं निघतात, म्हणून माणसाला शेताच्या नावानं हाक मारतात. त्याही आधी तर बापाचं नाव हेच आडनाव असायचं, दर पिढीला बदलणारं. बाहेरचे लोक इथेच आपटायचे. टेगवेन आधी शेत शोधायची, मग माणूस. "माणसं वय चोरतात, नाव बदलतात, पळून जातात," ती म्हणायची. "शेत कुठं जाणार?"

सहा वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेनं तेवढं दिसायचं. गाडी सुटली, वाचन सुटलं. मग मी तिला गुरुवारी घेऊन जायला लागलो आणि पानं वाचून दाखवायला लागलो. मी गेथिन. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. शेजारच्याच शेतावर वाढलो, शाळेत टेगवेनच्याच बाकावर होतो.

"शाळेतही असाच अडखळत वाचायचास," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली.

"तेव्हा तू फुकटात दुरुस्त करायचीस."

"आताही फुकटच आहे. पुढची ओळ वाच."

तिचा थोरला भाऊ मायरिग एस्गाइर-वेनवर मेंढ्या पाळतो. वय अठ्ठ्याहत्तर, पण कुंपणावरून अजून उडी मारतो. टेगवेनचा जन्मही त्याच घरातला. बेब घराण्याला या शेताचा फार अभिमान. त्यांच्या गोठ्याच्या तुळईवर कोरलेलं आहे: ई. जे. १७२४. इव्हान, जोसायाचा मुलगा, असा त्याचा अर्थ त्यांचे वडील सांगायचे. आणखी एक गोष्ट ते चॅपेलमध्ये, जमीनदारांच्या चर्चपासून वेगळं झालेल्या साध्या लोकांच्या प्रार्थनाघरात, सांगायचे. १८६८ च्या निवडणुकीत प्लासच्या, म्हणजे मोठ्या हवेलीच्या, जमीनदारानं सगळ्या कुळांना धमकावलं की माझ्या माणसाला मत द्या. तेव्हा मत सगळ्यांसमोर तोंडानं सांगावं लागायचं. एस्गाइर-वेनच्या कुळानं ताठ मानेनं दुसऱ्याचं नाव घेतलं! ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली, आणि ऐकताना नेहमी माझ्या बुटांकडे बघितलं. का, ते पुढं सांगतो.

तर मायरिग एक दिवस बहिणीला म्हणाला, "लोकांच्या पणज्या शोधत फिरतेस, आता घरचं काम कर. पुढच्या ऑगस्टला तीनशे वर्षं होतात. चॅपेलमागच्या हॉलमध्ये सगळ्यांना जेवण घालतोय. भिंतीवर लावायला वंशवृक्ष पाहिजे. मोठा."

"आपलं काय शोधायचं? आपण कधी हललोच नाही."

"मग सोपंच की. एका गुरुवारात होईल."

आम्ही अलीकडून मागे जायला सुरुवात केली. १९११, १९०१, १८९१, १८८१, सगळीकडे बेब. १८७१: जोसाया बेब, कुटुंबप्रमुख, वय एकोणचाळीस, शेतकरी, ब्याण्णव एकर. हा टेगवेनचा पणजोबा. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी १८६१ चं पान पडद्यावर आलं. मी वरून खाली वाचत आलो आणि एस्गाइर-वेनच्या ओळीशी थांबलो.

"काय झालं?"

"अक्षर खराब आहे."

"गेथिन, त्या वर्षीचा गणक शाळामास्तर होता. छापल्यासारखं लिहायचा. मागच्या वर्षी तूच त्याचं कौतुक केलंस. वाच."

मी वाचलं. "एस्गाइर-वेन. एनोक जार्मन, कुटुंबप्रमुख, वय बत्तीस, शेतकरी, ब्याण्णव एकर. हॅना, बायको. आमोस, मुलगा, वय दोन."

शेजारच्या टेबलावरचा माणूस पेन्सिलीला टोक काढत होता, त्याचा आवाज येत राहिला.

"जार्मन," ती शेवटी म्हणाली. "आणि जोसाया?"

तो तीन पानं पुढे सापडला. दलदलीकाठच्या खोपटात. "जोसाया बेब, वय एकोणतीस, शेतमजूर. जमायमा, बायको. एलियाझर, मुलगा, वय दोन."

"तुळईवरचं जे," टेगवेन म्हणाली. "ते जोसायाचं नाही. जार्मनचं आहे."

त्या दिवशी समुद्रकाठच्या बाकावर बसून आम्ही मासे-बटाटे खाल्ले, म्हणजे मी खाल्ले. तिनं सगळे बटाटे सीगल पक्ष्यांना टाकले. एरवी ती त्यांना छत्रीनं हाकलते.

पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "अजून बघू. जार्मन आपणहून निघून गेला असेल, अमेरिकेला वगैरे." प्लासची जुनी कागदपत्रं त्याच ग्रंथालयात आहेत. कारभाऱ्याच्या वहीत १८६९ च्या मार्चमधल्या दोन ओळी मिळाल्या. एस्गाइर-वेन: ई. जार्मन यास नोटीस दिली, मतदानातील वागणूक असमाधानकारक. सप्टेंबरअखेरीपासून जागा जे. बेब यास.

म्हणजे चॅपेलमध्ये सांगितली जाणारी गोष्ट खरी होती. फक्त ती बेब लोकांची नव्हती. चर्चच्या वहीत १७२४ च्या आसपास शोधलं, तर एस्गाइर-वेनच्या एका बाप्तिस्म्याला बापाचं नाव होतं इव्हान जार्मन.

भावाला सांगायला ती एप्रिलमध्ये गेली. मेंढ्या व्यायचे दिवस होते. मायरिग शेडमध्ये गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत हात मेंढीत. मी दारात उभा होतो. टेगवेननं सगळं सांगितलं, काही न वगळता, टपाल द्यावं तसं.

मायरिगनं कोकरू ओढून काढलं, त्याचं नाक पुसलं, आईसमोर ठेवलं. मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं हे उकरायला?"

"तूच."

"मी वंशवृक्ष सांगितला होता!"

"हाच तो."

"पणजोबानं नसतं घेतलं तर दुसऱ्या कोणी घेतलं असतं ना? शेत काय ओसाड पडणार होतं?"

"घेतलं असतं. मग आज तो दुसरा जेवण घालत असता आणि आपण टेबलाच्या टोकाला बसून खाल्लं असतं."

"बाबांना खोटं ठरवतेस?"

"बाबांना माहीत नव्हतं, मायरिग. आजोबांना माहीत असेल. त्यांनी गोष्ट सांगितली आणि नाव तेवढं गाळलं, मग ऐकणाऱ्यांनी तिथं आपलं नाव भरलं."

"तो कागद चुलीत घाल," तो म्हणाला. "नाहीतर इथं येऊ नकोस." आणि मेंढीकडे वळला.

दोन महिने भाऊ-बहीण बोलले नाहीत. चॅपेलमध्ये ती डावीकडे बसायची, तो उजवीकडे. वंशवृक्षाचं काम संपलं असं मला वाटलं. टेगवेन मात्र गुरुवारी दारात पिशवी घेऊन उभी.

"आता काय शोधायचंय?"

"ते गेले कुठं. टपाल परत आलं तर आपण पुढचा पत्ता शोधतो ना?"

एनोक जार्मन लांब गेलाच नव्हता. शेत सुटल्यावर चार महिन्यांत, जानेवारी १८७० मध्ये, गावच्याच चर्चच्या दफनाच्या वहीत त्याचं नाव होतं. वय एकेचाळीस. हॅना पोरांना घेऊन दक्षिणेला, कोळशाच्या खोऱ्यात गेली. १८७१ मध्ये ती अॅबरडेअरच्या एका गल्लीत लोकांचे कपडे धूत होती. बारा वर्षांच्या आमोसच्या नावापुढे लिहिलं होतं, खाणीतला दारवाला. म्हणजे अंधारात बसून हवेचं दार उघडायचं आणि लावायचं. आम्ही त्याच्यामागे दर दहा वर्षांनी जात राहिलो. खाणकामगार, खाणकामगार, खाणकामगार. लग्न, पोरं, दुसरी गल्ली.

मग १९११ आली. त्या वर्षीच्या जनगणनेत घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं फॉर्म भरायचा होता. आमोसचा फॉर्म पडद्यावर आला. मोठी, दाबून काढलेली अक्षरं. जन्मस्थळाच्या रकान्यात जिल्हा आणि गाव लिहायची सूचना छापलेली होती. मुलांपुढे त्यानं नीट अॅबरडेअर लिहिलं होतं. स्वतःपुढे एकच शब्द: एस्गाइर-वेन. गणनेच्या माणसानं तो लाल शाईनं खोडून वर जिल्ह्याचं नाव घातलं होतं.

"पुन्हा वाच," टेगवेन म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"खोडलंय, पण दिसतंय?"

"स्पष्ट दिसतंय."

तिनं मान तिरकी केली, डोळ्यांच्या कडेनं काही दिसतं का बघायला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं?" मी तिचं बोट थोडं वर सरकवलं. "दहा वर्षांचा होता रे शेत सुटलं तेव्हा," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाली होती." ग्रंथालयातल्या बाईनं येऊन पडद्याला बोट लावू नका म्हणून सांगितलं, तेव्हा टेगवेन तिला सॉरीसुद्धा म्हणाली नाही.

आमोसचा पणतू सापडायला तीन आठवडे लागले. रॉयस्टन जार्मन, एकोणसत्तर वर्षांचा, निवृत्त बसचालक, अजून अॅबरडेअरमध्येच. टेगवेननं माझ्या स्वयंपाकघरातून फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. त्याला आमची वेल्श भाषा येत नव्हती, म्हणून ती इंग्रजीत बोलली.

"मला खिडक्या बदलायच्या नाहीत हो, बाई," तो सुरुवातीलाच म्हणाला.

"मला विकायच्याही नाहीत. एस्गाइर-वेन हे नाव कधी ऐकलंय तुम्ही?"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग, "परत म्हणा."

तिनं परत म्हटलं.

"आमच्या जुन्या घराच्या दारावरच्या काचेत असं काहीतरी लिहिलं होतं. आम्ही पोरं त्याला स्कारवेन म्हणायचो. आजोबांना विचारलं तर म्हणाले, घराचं नाव आहे. मला वाटलं, त्याच घराचं."

"ते नाव ज्या घराचं, त्यात मी जन्मले," टेगवेन म्हणाली. "तुमच्या खापरपणजोबांना तिथून काढलं आणि माझ्या पणजोबाला दिलं. हे सांगायलाच फोन केला."

"मग आता परत देताय की काय?"

"ते माझ्या हातात नाही. भाऊ आहे. तो माझ्याशी बोलत नाही."

"माझाही आहे तसा एक," रॉयस्टन म्हणाला, आणि दोघं असे हसायला लागले की चहा उतू गेलेला मला कळला नाही.

पण टेगवेनचं समाधान झालेलं नव्हतं. जोसाया तसा का वागला, हे तिला हवं होतं. "एकाच बाजूचं पत्र वाचून कसं चालेल?" ती म्हणाली. आम्ही दफनाची वही पुन्हा काढली. नोव्हेंबर १८६६. एलियाझर बेब, वय सात. अॅन बेब, वय चार. टिमोथी बेब, वय एक. तीन तारखांमध्ये मिळून अकरा दिवस. पत्ता तोच, दलदलीकाठचं खोपट. आणखी एक कळलं. या तिघांचे बाप्तिस्मे आमच्या चॅपेलच्या वहीत होते. १८६९ नंतर जन्मलेली पोरं, टेगवेनचे आजोबासुद्धा, जमीनदाराच्या चर्चच्या वहीत आहेत. चॅपेलमधल्या लोकांनी जोसायाला शेजारी बसू दिलं नाही, असाच त्याचा अर्थ.

तिनं मला त्या तीन ओळींची प्रत काढायला लावली. "मायरिगला नेऊन दे. मी गेले तर दार लावेल."

मायरिगनं कागद उभ्याउभ्याच वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"अकरा दिवसांत?"

"हो."

"त्या खोपटात मी आता खत ठेवतो," तो म्हणाला. "जूनमध्येसुद्धा भिंती ओल्या असतात. पोती खालून कुजतात." मग तो बसला. मला चहा विचारला, पण किटली ठेवायला उठला नाही. त्यालाही एक मुलगा होता, ट्रॅक्टर उलटून गेला. त्यावर तो कधी बोलत नाही, त्या दिवशीही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेगवेनच्या दारात अंडी घेऊन हजर. "तो जार्मन," तो म्हणाला, "मटण खातो ना?"

ऑगस्टमध्ये जेवण झालं. रॉयस्टन सकाळीच आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मायरिगनं त्याला गोठ्यात नेलं आणि तुळईखाली शिडी लावली. "चढा. हे तुमचं आहे. आम्ही शंभर वर्षं आमचं म्हणून सांगत आलो." रॉयस्टननं वर जाऊन अक्षरांवरून अंगठा फिरवला. खाली उतरल्यावर तो खिशात रुमाल शोधायला लागला, तर मायरिगच घाईघाईनं मेंढ्यांचे भाव सांगायला लागला.

हॉलच्या भिंतीवर दोन वंशवृक्ष होते, शेजारी शेजारी. टेगवेननं नावं सांगितली होती, मी लिहिली होती. रस्सा झाला, थंड मटण झालं, मनुकांचा ब्रेड आला, तेव्हा मायरिग उठला. आयुष्यात त्यानं गुरांच्या बाजाराबाहेर भाषण केलेलं नव्हतं. घशातल्या घशात, पण सगळं सांगितलं. एनोकचं मत, नोटीस, जोसाया, तीन पोरं.

पहिली बोलली लायसा मावशी, वय त्र्याण्णव. "बस खाली, मायरिग. चहा थंड होतोय. हे सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. तुझ्या आजोबाला शाळेत पोरं 'जार्मनच्या खुर्चीतला' म्हणायची. माझी आई सांगायची."

मायरिगचा चेहरा लाल झाला. "मग आजवर आम्हाला कोणी बोललं का नाही?"

"कसं बोलणार बाबा? सत्तेचाळीसच्या बर्फात तुझ्या बापानं आमच्या मेंढ्या हातांनी उकरून काढल्या. तुझी आई माझ्या बाळंतपणाला तीन रात्री बसली. अशा माणसांना तोंडावर काय सांगायचं? पोरगी टपाल घेऊन दारात उभी, तिला काय सांगायचं?"

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. टेगवेन हसली नाही. ती आवाजावरून एकेका टेबलाकडे तोंड वळवत होती.

परतताना गाडीत मी म्हणालो, "टेगवेन, मलाही माहीत होतं. माझ्या आजीनं सांगितलं होतं, मी नऊ वर्षांचा असताना. दर गुरुवारी तुला सांगावंसं वाटायचं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "फेब्रुवारीतच कळलं. अक्षर खराब आहे म्हणे."

"रागावली नाहीस?"

"रागावले होते. चार दिवस. मग विचार केला, तुला हवं असतं तर तू तिथं बेब वाचलं असतंस. मला काय दिसणार होतं?" थोड्या वेळानं म्हणाली, "जरा सावकाश चालव. दूध नाहीये मागं नासायला."

एनोक कुठं पुरला आहे ते वहीत नाही, आणि जोसायाच्या तीन पोरांचंही नाही. चर्चच्या आवारात शोधून दगड सापडला नाही. मायरिगनं आणि रॉयस्टननं मिळून भिंतीलगत एक पाटी लावली आहे. तिच्यावर चौघांची नावं आहेत आणि दोन घरांचे पत्ते.

टेगवेनला आता पडद्यावरचं काहीच दिसत नाही. गुरुवार चालू आहेत. सध्या आम्ही ऑस्ट्रेलियातल्या एका दंतवैद्यासाठी एक सुतार शोधतोय, आणि तो दोन जनगणनांच्या मध्ये कुठंतरी नाहीसा झालाय. रॉयस्टन यंदा जूनमध्ये लोकर कातरायच्या दिवशी मुलीला घेऊन आला. आमची भाषा शिकायच्या वर्गाला जातो म्हणे. त्याला लोकर गुंडाळायला बसवलं, तर प्रत्येक गुंडाळी सुटायची.

"बाहेरची बाजू आत, आत!" मायरिग ओरडला. "तीनशे वर्षांचं घराणं आणि एक लोकर बांधता येत नाही!"

"माझं घराणं बस चालवतं," रॉयस्टन म्हणाला, मोडक्या वेल्शमध्ये, आणि बससाठी त्यानं जो शब्द वापरला त्याचा आमच्याकडे अर्थ होतो होडी. अंगणातली सगळी माणसं कात्र्या खाली ठेवून हसली. टेगवेन भिंतीला टेकून उन्हात बसली होती. "काय म्हणाला?" तिनं हसू दाबत मला विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही, परत सांग."